परतीचा भाव

योगेशने गिटार काउंटरवर पालथी टाकली आणि खुंट्यांच्या मागे अंगठा फिरवला. तिथे लाकडात डागलेला 'सेकंड' असा बोटभर शिक्का होता.

"चाचा, हे कारखान्यातून नापास झालेली हाय."

"हो. तसंच सांगून विकतो मी," अब्दुल सत्तार म्हणाले. "पॉलिशले फोड आला होता. वाजाले काही कमी नाही. वाजवून पाहा."

योगेशने वाजवून पाहिली नाही. अमरावतीत त्याचं वाद्यांचं दुकान चांगलं चाललं होतं आणि त्याच्याकडे येणारी पोरं आधी शिक्का पाहत. "एकेकीचे चारशे देतो. तुमच्यापाशी हायेत त्या चारही आणा, चारही घेतो. नाहीतर असं करा." त्याने आवाज जरा खाली आणला. "शिक्का घासून आणा. एकेकीचे चौदाशे देतो. मंग कोणाले समजते?"

सत्तारचाचांनी गिटार चादरीत गुंडाळली आणि अकोल्याची एसटी धरली.

ते मूळचे बाजाची पेटी दुरुस्त करणारे. वडिलांचं तेच काम, त्यांचंही तेच, आणि दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. पण पेट्या येईनाशा झाल्या आणि लग्नांत ऑर्केस्ट्रा वाजू लागले, तेव्हा त्यांनी कारखान्यात बाजूला पडलेल्या पाच इलेक्ट्रिक गिटारी मागवल्या. नवी गिटार चार हजारांची, ही ते अठराशेला देत. प्रत्येकीत कुठे खोट आहे ते शोधलं, मानेवरचे धातूचे पडदे कानशीने सारखे केले, तारा बदलल्या. तरी गिऱ्हाईक एकच विचारायचं, उद्या विकायची झाली तर सेकंड मालाला कोण विचारणार? त्यावर सत्तारचाचा म्हणत, "मी विचारीन. दोन वर्षांत केव्हाही आणा, बाराशेले परत घेतो." तसं चिठ्ठीवर लिहूनही देत. त्या चिठ्ठीवरच पाचही गेल्या. चार बाळापूरच्या दानिशच्या ऑर्केस्ट्राने घेतल्या, पाचवी चांदूर बाजारच्या रागिणीने. रागिणीच्या घरी फुलांची शेती, आणि ती अमरावतीला शिकायला होती.

मग कापसाने दगा दिला. लग्नं पुढे गेली, झाली तीही दारातल्या दारात, बिनवाजंत्रीची. दानिशने ऑर्केस्ट्रा मोडला आणि एका सकाळी चारही गिटारी आणून ओट्यावर ठेवल्या. खाली मान घालून म्हणाला, "चाचा, तुम्ही नाही म्हटलं तरी चालंल." चाचांनी घरात होतं तेवढं काढून एकेकीचे बाराशे मोजून दिले. वरून चहा पाजला.

आणि काल शेजारच्या फोनवर रागिणीचा निरोप आला होता. "परवा गिटार घेऊन येतो, चाचाले दुकानात राहाले सांगा." एवढं बोलून फोन कट झाला. बाराशे रुपये द्यायचे होते आणि डब्यात दीडशे होते.

घरी येऊन चाचांनी चहासुद्धा मागितला नाही. चारपैकी एक गिटार मांडीवर घेतली, पॉलिश पेपर काढला आणि शिक्क्यावर चालवायला सुरुवात केली. लाकूड मऊ होतं. दहा मिनिटांत अक्षरं गेली आणि तिथे गोरा चट्टा उरला. त्यावर जरा पॉलिश मारलं की झालं. त्यांनी दुसरी ओढली.

त्यांची बायको सितारा भाजी निवडत होती. तिने हात थांबवला. "घिस क्यूं रहे?"

"अमरावतीवाला चौदाशे देतो बोला."

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "कल सेकंड निकली तो वो लेनेवाला बच्चा तो तुम्हारे पास नहीं आएगा ना. बेचारा किसके पास जाएगा?" आणि पुन्हा भाजीकडे वळली.

चाचांनी दुसरीवर कागद टेकवला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलून ठेवला. दुसरीचा शिक्का शाबूत राहिला. उद्या त्या मुलीला काय सांगायचं, याचा मात्र काही मार्ग सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रागिणी आली. सोबत तिची आई, बेबीताई. गिटारीची पिशवी बेबीताईंच्या खांद्यावर होती. चाचांनी दोघींना बसायला सतरंजी टाकली आणि त्या बसायच्या आतच बोलून टाकलं, "बेटी, मी जबान देली होती, ते मान्य हाय मले. पण आज पैसे नाहीत. पंधरा दिवस दे."

"कायचे पैसे?" रागिणी म्हणाली.

"गिटार परत आणली ना तू?"

"परत काहून आणीन? सातवा पडदा खरखर करून राहिला, तो पाहाले आणली. अन् चाचा, वसतिगृहातल्या तीन पोरी शिकून राहिल्या माझ्यापाशी. त्यायले अशाच पाह्यजेत, सेकंड. नवी कोणाले परवडते? हायेत का तुमच्यापाशी?"

चाचा खाली बसले. मग उठून त्यांनी चारही गिटारी आणून सतरंजीवर ठेवल्या.

"दानिशनं वर्षभर वाजवल्या. त्याले दिले तेवढेच घेतो. बाराशे."

रागिणीने एकेक लावून पाहिली. चौथी तिने उलटी केली. "हिच्यावर शिक्का नाही. ही चांगल्या मालातली हाय का?"

"मंग तिचे जास्त असतीन," बेबीताई म्हणाल्या.

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," चाचा म्हणाले. "तेबी सेकंडच हाय. शिक्का मी घासला, काल. दुसऱ्याले पह्यल्या नंबरची म्हणून विकाचा विचार होता."

बेबीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या गोऱ्या चट्ट्याकडे. तीस वर्षं त्या बाजारात फुलं विकत होत्या.

"मंग तिचे शंभर कमी करा," त्या म्हणाल्या. "लाकूड खरवडलं तुमी. अन् या पोरीयनं परत आणल्या तं?"

"सहाशेले परत घेतो."

"लिहून द्या."

चाचांना हसू आलं. त्यांनी पैसे घेऊन तीन चिठ्ठ्या लिहिल्या, सातवा पडदा घासून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तीन गिटारी, त्यांत ती घासलेलीही, चादरीत बांधून त्यांनी स्वतः बसस्टँडवर पोचवल्या. कंडक्टर लगेजवरून कुरकुरला, तेव्हा बेबीताईंनी एक गिटार मांडीवर घेतली आणि पोर निजवावी तसा तिच्यावर पदर टाकला.

चाचा घरी आले तेव्हा दुपार कलली होती. सिताराने ताट वाढलं. काय झालं ते तिने आतून सगळं ऐकलंच होतं. एक भाकर संपली, तशी तिने न विचारता दुसरी ताटात ठेवली. चाचांनी तीही खाल्ली, आणि हात धुऊन तिथेच भिंतीला टेकून, उजेडात, शांत झोपून गेले.