पैलाडच्या चार घराण्यांची भेंडोळी

मी एक जुनी भेंडोळी आहे, खाकी कागदाची. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांना ज्या कागदाची कव्हरं घालतात ना, तोच माझा कागद. पण माझ्या अंगावर चार राजघराण्यांचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहिलेला आहे. तो तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण तो ज्या देशाचा आहे तो देश दोन मुलींनी मनानं उभा केला होता.

माझा जन्म कागदाच्या गिरणीत झाला. जुने पुठ्ठे, फाटकी खोकी आणि रद्दी एका मोठ्या हौदात भिजवून त्यांचा लगदा केला. तो लगदा गरम रुळांखालून गेला आणि मी सपाट होऊन, एका पुठ्ठ्याच्या नळीभोवती गुंडाळली जाऊन बाहेर पडले. तिथून मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात आले. तिथे यंत्रांचे सुटे भाग कागदात बांधून पाठवत. पण पावसाळ्यात गोदामाचं छप्पर गळलं, माझी एक कड भिजली आणि वाळल्यावर ती झालरीसारखी वाकडी झाली. वाकडा कागद यंत्रात बसेना. मुकादमानं मला बाजूला काढलं. बांधणी खात्यात एक कामगार होते, टाकवे बुद्रुकचे. त्यांनी विचारलं, मुलीच्या पुस्तकांना नेऊ का? मुकादम म्हणाला, न्या. अशी मी सायकलच्या कॅरिअरवर बसून टाकव्याला आले.

त्या मुलीचं नाव यशोधरा. ती तेव्हा सातवीत होती. माझे पहिले चार-पाच हात तिच्या पुस्तकांच्या कव्हरांत गेले. सगळीच मी तशी संपले असते. पण त्याच आठवड्यात शाळेत गुरुजींनी सांगितलं की प्रत्येकानं आपल्या घराण्याची वंशावळ लिहून आणा. यशोधराच्या शेजारी बसणारी रेणुका, तिच्याकडे चौदा पिढ्यांची नावं होती. घराण्याच्या भाटाच्या पोथीवरून उतरवलेली. यशोधराच्या वडिलांना आजोबांच्या वडिलांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. चार नावं लिहून ती थांबली. वर्गात कोणीतरी हसलं.

मधल्या सुट्टीत रेणुका तिला म्हणाली, "माजी चौदा नावं नुसती नावंच हायेत. त्यातल्या एकाचंबी तोंड मला म्हाईत न्हाई." मग थोडा विचार करून म्हणाली, "आपण दोगी नवीनच घराणी करू. लय जुनी."

शनिवारी दुपारी त्यांनी मला यशोधराच्या घराच्या ओसरीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नदीच्या पलीकडे सकाळी खाचरांवर धुकं असतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही, तिथे तो देश आहे असं ठरलं. नाव ठेवलं पैलाड.

त्यात चार घराणी. धुकेकर आणि वज्रकडे ही रेणुकाची. उंबरदरे आणि नीळपाणे ही यशोधराची. धुकेकरांच्या पहिल्या राणीनं खाचरांवरचं धुकं चरख्यावर कातून त्याची भिंत विणली होती. शत्रूचा शिपाई त्या भिंतीत शिरला की स्वतःचं नाव विसरायचा. वज्रकड्यांच्या मुलांना बाराव्या वर्षी कड्याशी बोलावं लागे, आणि ज्याला कडा उत्तर देई तो वारस. नीळपाणे डोहात डोकावून आपल्या मेलेल्या माणसांशी बोलत. उंबरदऱ्यांना किल्लाही नव्हता आणि सिंहासनही नव्हतं. त्यांची एक विहीर होती. ज्या वाटसरूला त्यांनी पाणी शेंदून पाजलं तो त्याच घटकेपासून उंबरदरे. रेणुका म्हणाली, असलं कुठं घराणं असतं का? यशोधरा म्हणाली, आमच्याकडं असतं.

सुरुवातीला माझ्यावर राजे, त्यांचे मुलगे आणि मुलग्यांचे मुलगे एवढंच लिहिलं गेलं. यशोधराची आई कस्तुराबाई लावणीहून परत आली, पाय धुतले आणि माझ्यावर वाकून बघू लागली. तिला वाचता येत होतं, पण बोट ठेवून, सावकाश. बराच वेळ वाचून तिनं विचारलं, "हे समदे बापयेच की गं. ह्यांना जल्म कुणी दिला? आभाळातनं पडले व्हय?"

दोघी इतक्या हसल्या की एक दगड घरंगळून मी अर्धी गुंडाळली गेले. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक राजाच्या शेजारी राणीचं नाव आलं, राणीच्या आईचं आलं, बहिणी आल्या, आत्या आल्या. माझ्या अंगावर फांद्या दुप्पट झाल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं.

पैलाडचे काही कायदे होते. आपल्या घराण्यातल्या माणसाचं जे काय करायचं ते आपणच करायचं, दुसरीनं हात लावायचा नाही. माणूस गेला की त्याच्या नावाखाली तांबडी रेघ ओढायची, आणि तो पुन्हा उठत नाही. दर जूनमध्ये शाळा उघडली की पैलाडातल्या सगळ्या जित्या माणसांची वयं एकानं वाढवायची. लग्न जमवायचं असेल तर दोघींनी मोठ्यानं "मान्य" म्हणायचं, आणि मग नवरीकडच्या मुलीनं आपल्या घरून हळद आणून दोन्ही नावांच्या मध्ये बोट टेकवायचं.

दीड वर्ष माझ्यासारखं सुखी कोणी नव्हतं. एका मुलीच्या अक्षराला उभ्या रेघा फार, दुसरीचं अक्षर गोल. पेन्सिल संपली की नवी कोण विकत आणणार यावर भांडण होई. मला मोठ्यानं वाचून दाखवलं जाई, शाळेतल्या मुली ऐकायला येत. तेव्हा मला वाटायचं की मी कायमची अशीच पसरलेली राहणार.

दोघी आठवीत गेल्या तेव्हा धुकेकरांची निहारा वीस वर्षांची झाली. एकुलती एक. तिच्यामागे घराण्यात दुसरं कोणीच नव्हतं. उंबरदऱ्यांचा जीवक बावीस वर्षांचा. तो चुकून धुक्याच्या भिंतीत शिरला आणि आपलं नाव विसरला, तेव्हा निहारानं भिंतीपलीकडून त्याला हाका मारून ते परत आठवून दिलं. तीन शनिवार ही गोष्ट चालली होती. आता त्यांचं लग्न लावायचं ठरलं. रेणुकाच म्हणाली, माझ्या निहाराला दुसरा कोणी शोभायचा नाही. दोघींनी "मान्य" म्हणायचा दिवस पुढचा शनिवार ठरला. जीवकाच्या आणि निहाराच्या नावांमध्ये पेन्सिलीनं एक छोटा गोल काढून ठेवला, हळदीसाठी.

आधीची लग्नं रेणुका नवऱ्याकडची असताना लागली होती, म्हणून हळद नेहमी कस्तुराबाईच्या डब्यातून आली होती. या वेळी पहिल्यांदा रेणुकाला आपल्या घरून न्यायची होती. ती उत्साहात होती. आईनं विचारलं कशाला, तर तिनं सगळं सांगून टाकलं. धुकेकर कोण, निहारा कोण, जीवक कोण. उंबरदऱ्यांचं घराणं कोण लिहितं तेही सांगितलं. तिला लपवण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही.

मी त्या घरात नव्हते. जे घडलं ते रेणुकानं शनिवारी ओसरीवर उभं राहून सांगितलं, तेवढंच मला ठाऊक. ती पायऱ्या चढून वर आली नाही. तिची आई, चंपाबाई, रागावली नव्हती, ओरडलीही नव्हती. हळदीचं झाकण परत लावत ती म्हणाली होती, "खेळातबी त्यांच्यात सोयरीक न्हाई."

यशोधरा माझ्याजवळ बसलेली होती. ती म्हणाली, "तुजी आई पैलाडात कवा आली? तू सांग की. तुजी निहारा हाय."

रेणुका चपलेचा अंगठा ओढत राहिली. मग म्हणाली, "मी काय सांगू? मला त्याच घरात राहायचंय."

मग ती गेली. कस्तुराबाई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिनं चारही दगड उचलले, मला गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. 

मित्रांनो, यानंतर मला कोणी फाडलं नाही, जाळलं नाही, रद्दीत घातलं नाही. पण वर्षातून एकदाच उघडलं जाणं म्हणजे काय, ते मला विचारा. शाळा उघडायच्या दिवशी यशोधरा मला पसरायची, सगळ्यांची वयं एकानं वाढवायची आणि गुंडाळून ठेवायची. रेणुकाच्या घराण्यांचीही वयं ती लिहायची, कारण वय वाढवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण निहाराचं लग्न लावणं तिच्या हातात नव्हतं. आपल्या जीवकाला दुसरी बायकोही तिनं केली नाही. तेवीस आणि एकवीस. तीस आणि अठ्ठावीस. चाळीस आणि अडतीस. पेन्सिलीचा तो गोल तसाच रिकामा.

इकडे यशोधरा शिकली, वडगावला कचेरीत नोकरीला लागली, तिथेच दोन खोल्या घेतल्या. मी तिच्याबरोबर आले आणि कपाटावर राहू लागले. माझ्या कडा ठिसूळ झाल्या. एकदा झुरळांनी वज्रकड्यांच्या दोन पिढ्या कुरतडल्या. रेणुका तळेगावला शाळेत बाई झाली होती. वडगावच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या तर हसत, मुलाबाळांचं विचारत. पैलाडचं नाव कोणी काढत नसे.

कस्तुराबाई गेली त्या वर्षी, जूनमध्ये, यशोधरानं जीवकाच्या नावाखाली तांबडी रेघ ओढली. सत्तेचाळीस वर्षांचा होता तो.  मला वाटतं, तोवर कोणाची तरी वाट बघण्याचा तिला कंटाळा आला होता. उंबरदऱ्यांचं काही अडलं नाही. त्यांच्या विहिरीवर रोज नवा वाटसरू येतो. त्यांची यादी आजही वाढते आहे.

धुकेकरांचं तसं नव्हतं. रेणुकानं लहानपणी त्यांच्यासाठी एक कडक कायदा केला होता: गादीवरच्या माणसाला पन्नाशीपर्यंत वारस नसेल तर घराण्याचं निशाण उतरवायचं. तेव्हा तिला पन्नास म्हणजे कधीच न येणारं वय वाटलं असावं. निहारा पन्नास वर्षांची झाली. यशोधरानं आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. निशाण उतरवणं तिचं काम नव्हतं. एक्कावन्न लिहिलं. बावन्न लिहिलं.

आणि गेल्या श्रावणात एका रविवारी दुपारी रेणुका यशोधराच्या दाराशी आली. केस पांढरे झालेले, हातात छत्री. बसल्यावर तिनं सांगितलं की आई गेली, दोन महिने झाले. यशोधरा म्हणाली, मला कळलं होतं, मी यायला हवं होतं.  रेणुकाची नजर कपाटावर गेली आणि मी तिला दिसले.

"अजून आहे?" तिनं विचारलं.

यशोधरानं मला खाली काढून जमिनीवर पसरलं. रेणुका गुडघे धरत खाली बसली. तिनं बोट ठेवून नावं वाचली, कस्तुराबाई वाचायची तितक्याच सावकाश. निहाराच्या नावापाशी पोचण्याआधीच ती थांबली आणि मान वर न करता म्हणाली, "मान्य. मी मान्य म्हणायला आलेय, यशोधरा. तेव्हाच म्हणायचं होतं मला."

 यशोधरानं मला आणखी एक हात उलगडलं. जीवकाच्या नावाखालची तांबडी रेघ रेणुकाला दिसली. शेजारी निहाराच्या नावापुढे वयांची लांब ओळ दिसली, एकाखाली एक, त्या शनिवारनंतरचे बत्तीस आकडे.

"तू दरवर्षी लिहीत होतीस?"

"वय कोणासाठी थांबतं का गं?"

रेणुका त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं की ही रेघ खोडता नाही का येणार, आपणच केलेले कायदे आहेत. यशोधराचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "तुझ्या आईच्या मागं तू मान्य म्हणतेस. माझ्या आईच्या समोर म्हणाली असतीस तर तिनं स्वतः हळद दिली असती. आता कोणाला सांगू?"

रेणुका रडली. यशोधरानं तिला रडू दिलं. पाणी आणून दिलं, ते तिनं प्यायलं. मग यशोधरानं लाल पेन तिच्यापुढे ठेवलं. तुझं घराणं आहे, म्हणाली, मी त्याला हात लावलेला नाही.

मित्रांनो, रेणुका लग्न लावायला आली होती. तिनं माझ्यावर धुकेकरांच्या पहिल्या राणीपासून शेवटच्या निहारापर्यंत सगळी नावं एकदा मोठ्यानं वाचली. मग घराण्याच्या नावाशेजारी काढलेलं छोटं निशाण तिनं लाल रेघेनं छेदलं. निहाराच्या नावाखाली मात्र रेघ ओढली नाही. ती जिवंत आहे. तिचं राज्य नाही, वारस नाही, एवढंच. संध्याकाळच्या लोकलनं रेणुका तळेगावला गेली. जाताना दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि पुन्हा कधी भेटायचं ते ठरवलं नाही.

आता मी परत कपाटावर आहे. माझ्यावर जागा थोडीच उरली आहे. मी जपून ठेवण्याजोगी आहे की नाही, मला माहीत नाही. कागदाला ऊन, ओल आणि झुरळं यांच्यापासून सांभाळलं तर तो माणसापेक्षा जास्त जगतो, तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या घरात अशी एखादी वही, एखादी पेटी, एखादी अर्धवट राहिलेली गोष्ट असेल तर ती आज काढून बघा. तुमच्या सोबत्यानं तुमच्याकडे होकार मागितला असेल आणि तुमच्या मनात तो असेल, तर घरातल्या मोठ्यांनी हो म्हणायची वाट बघत बसू नका. भीती वाटेल. रेणुकालाही वाटली होती आणि ती लहान होती, मी तिला दोष देत नाही. पण तुम्ही थांबलात म्हणून पलीकडचं माणूस त्याच वयाचं राहत नाही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल. यशोधरा मला पसरेल आणि निहाराच्या नावापुढे त्रेपन्न लिहील.