शेवाळ, झाडं आणि माझे पिंजारलेले केस

मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना ब्रश आहे. हसलात ना? हसा, हसा! माझे केस चहूकडं पिंजारलेत, दांडीचा निळा रंग उडालाय, आणि तरीही चौसाळ्याच्या आमच्या शाळेत माझ्यासाठी खास खिळा ठोकलाय. असा मान तुमच्या घरच्या ब्रशाला आहे का?

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथून मी हायवेकडच्या एका दुकानात आलो. कॉलेजात जाणाऱ्या रामेश्वरनं मला विकत घेतलं. तो आरशासमोर हसून बघायचा, त्याचे दात चमकायचे आणि मला वाटायचं, ही माझीच कमाई! पण हळूहळू माझे केस मऊ पडले, वाकले. घरात नवा लाल ब्रश आला आणि मी गोठ्याच्या वळचणीला गेलो. पोळ्याला त्याच्या आईनं, भिवराबाईनं, माझ्याकडून बैलांचे घुंगरू घासून घेतले. तेवढा एक दिवस मी मिरवलो. मग पुन्हा वळचण, पुन्हा धूळ.

पोळा झाल्यावर मला तिथून ओढून काढलं ते रामेश्वरच्या धाकट्या बहिणीनं, वर्षाराणीनं.

"आई, ह्यो जुना ब्रश नेऊ का शाळंत?"

"कावून गं?"

"झाडं घासायला!"

"येडी झाली ही," रामेश्वर खो खो हसला. "आता झाडाला बी दात आले का?"

पण वर्षाराणीला हसू येत नव्हतं. कारण सांगतो.

शाळेच्या व्हरांड्यात माशांची काचेची पेटी आहे. मोठे सर, म्हणजे आप्पाराव सर, तिच्यात प्लॅस्टिकची झाडं लावणार होते. तेव्हा वर्षाराणी साऱ्या वर्गासमोर उठून म्हणाली होती, "सर, जिवंत झाडं लावू. मी सांभाळते!" आयुष्यात पहिल्यांदाच ती अशी ठणकावून बोलली होती. रिबिनीसारख्या लांब पानांची झाडं आली, जाड पानांची आली. माशांची इवली पिल्लं त्यांच्या आड लपू लागली. नाहीतर मोठे मासे त्यांना गट्टम करतात!

आता आमच्या शाळेची एक रीत ऐका. ज्याचा वाढदिवस, त्यानं माशांना चिमूटभर दाणे घालायचे. आणि इथं निम्म्या शाळेची जन्मतारीख एक जून! खरी तारीख ठाऊक नसली की दाखल्यावर तीच लिहितात ना! त्या दिवशी सुट्टी, म्हणून शाळा उघडली की सगळ्यांचा वाढदिवस एकदमच. झालं! चिमटीवर चिमटी. मासे खाऊन दमले, उरलेले दाणे तळाशी कुजले. त्यात फाटकातून दिसावी म्हणून पेटी ठेवलेली भर उन्हात. पोळ्यापर्यंत पानापानाला शेवाळाच्या हिरव्या दाढ्या फुटल्या.

"वर्षाराणी, सोमवारी प्लॅस्टिकची झाडं आणतो. ही उपटून टाक," सर म्हणाले.

"सर, सोमवारपर्यंत थांबा की! पानं साफ झाली तर?"

"तर राहू दे. पण मला पानं दाखव, वचन नको."

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं मला गरम मिठाच्या पाण्यात धुतलं. साबण अजिबात नाही, माशांना तो विषच! तिच्या मैत्रिणीनं, प्रियदर्शनीनं, पेटीतलंच पाणी बादलीत घेतलं. त्यात झाडं ठेवली. वर्षाराणीनं मला पानावर जोरात रगडलं आणि टर्रकन पान फाटलं!

"अगं, कढई घासायलीस का?" प्रियदर्शनी ओरडली.

वर्षाराणीचे डोळे भरले. नकळत तिचा हात स्वतःच्या वेणीकडं गेला. तिच्या केसांत गुंता झाला की भिवराबाई काय करते? केस मुळाशी धरते, मग हलकेच विंचरते. बस्स! तिनं पान देठाशी धरलं, तळहातावर निजवलं आणि मला देठाकडून टोकाकडं अलगद फिरवलं. लांब शेवाळाचे धागे माझ्याभोवती गुंडाळले गेले, जशी काडीवर शेवई! मित्रांनो, नव्या ब्रशाच्या ताठ केसांनी पान ओरबाडलं असतं. माझे मऊ पडलेले केसच तिथं कामाला आले!

कुजलेली पानं तिनं कापली, तळाची घाण काढली, थोडं पाणी बदललं, झाडं परत रोवली. बंकटमामा शिपायानं पेटी सावलीत सरकवली.

सोमवारी सर प्लॅस्टिकची झाडं बगलेत मारून आले. सर वाकले. एका हिरव्यागार पानाआडून इवलं पिल्लू डोकावलं आणि सुळकन आत पळालं.

"ही प्लॅस्टिकची माझ्या टेबलावर ठेवतो," ते म्हणाले. "त्यांना तरी दाणे घालू नका!"

सगळा व्हरांडा हसला. वर्षाराणी तर उड्याच मारायला लागली!

तेव्हापासून रीत बदलली. दाणे रोज एकच चिमूट, तेही वर्षाराणीच्या हातून. ज्याचा वाढदिवस, त्यानं माझ्याकडून एक पान साफ करून घ्यायचं. म्हणून मित्रांनो, सांगतो, माया करा, पण चिमटीनं करा. आणि केस वाकले म्हणून कुणाला वळचणीला टाकू नका.

यंदा शाळा उघडली तेव्हा माझ्यासमोर फाटकापर्यंत रांग लागली. कुणीतरी विचारलं, "अन् ह्या ब्रशाचा वाढदिवस कधी हाय?"

"कोणाला ठाऊक?" प्रियदर्शनी म्हणाली.

वर्षाराणीनं मला उंच धरलं. "ठाऊक न्हाई ना? मग एक जून!"

अन् टाळ्यांचा नुसता कडकडाट!