टेप लावलेलं चाक

धैर्यशीलच्या सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, डाव्या हाताला एक लहान चाक आहे. सिंथच्या आत एक संथ लाट फिरत असते. ती ऐकू येत नाही, पण सुराला वर-खाली झुलवते. किती झुलवायचं ते चाक ठरवतं, किती वेगानं ते शेजारचं बटण. माझ्या शाहूपुरीतल्या कीबोर्डच्या वर्गात आठ वर्षांच्या पोरांनाही हे झोपाळ्यावरून समजतं. धैर्यशीलनं मात्र पंधरा वर्षांपासून चाक पुरतं वर करून त्यावर काळी टेप लावली आहे. म्हणे त्यानं सनईसारखं वाजतं. ते चाक सोडाल तिथंच थांबतं, टेपची गरजच नसते, हेही त्याला कळलेलं नाही.

माझी विद्यार्थिनी दानेश्वरी चौदा वर्षांची. मिरवणुकीत वाजवणाऱ्या आण्णांच्या बँजो पार्टीत यंदा सिंथ वाजवायचा, याखेरीज वर्षभर तिनं काही मागितलं नव्हतं. पार्टी आण्णांची, पण माणसं निवडायचा तिथं सिंथ वाजवणारा धैर्यशील.

तालमीच्या गोडाऊनमध्ये मी तिला घेऊन गेले, तेव्हा त्यानं तिला सिंथपुढं उभं केलं. तिनं आधी नखानं टेप काढली आणि चाक खाली घेतलं.

"ए, सेटिंग हाय ती माझी. बाई, काय शिकिवता वो पोरांस्नी?"

"आधी सरळ सूर धरायला," मी म्हटलं.

दानेश्वरीनं बटण फिरवून वेग कमी केला आणि आरतीची चाल धरली. ओळीच्या शेवटी, लांब सुरावर, तिनं चाक जरासं वर नेलं. सूर आधी स्थिर राहिला, मग हळूच झुलला. मग तिनं चाक पुन्हा खाली आणलं. ढोलकीवर बसलेले आण्णा हातातला चहा प्यायचे थांबले.

"ह्यात दम न्हाय," धैर्यशील म्हणाला. "मिरवणुकीत ऐकू तरी येतंय का हे? सरक."

त्यानं तीच चाल जोरात सुरू केली. चाक खालीच होतं. ते वर घ्यायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. दुसऱ्या ओळीत त्याचं बोट गंधाराऐवजी शेजारच्या पट्टीवर पडलं. तिसऱ्या ओळीत पुन्हा. पंधरा वर्षं सूर इतका थरथरायचा की ही चूक त्यात खपून जायची. त्याला स्वतःलाही ती कधी ऐकू आली नसावी.

"सर, गंधार कोमल लागतोय," दानेश्वरी म्हणाली. हिणवायला नव्हे. माझ्या वर्गात चूक अशीच सांगतात.

"मशीन बिघडलंय. हिनं हात लावल्यापास्नं."

"व्हय तर," आण्णा म्हणाले. "मग लाव की टेप परत."

टेप दानेश्वरीनं सिंथच्या कडेला ठेवली होती. तिनं ती पुढं केली. धैर्यशीलनं ती दोनदा दाबली. धुळीनं माखलेली ती काही चिकटेना.

आण्णांनी चहा संपवला. "धैर्या, तू टेप धर. सिंथ पोरगी वाजवील."

नव्या मुलांना मी पहिला महिना चाकाला हात लावू देत नाही. धैर्यशीलला यायचं असेल तर सात वर्षांच्या आदर्शशेजारी जागा आहे. आदर्शचा गंधार शुद्ध लागतो.