पूर्ण नाव आणि पत्ता

त्या खेळात चारुताला सगळे 'कडुलिंब' म्हणून ओळखत. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिला झोप येत असे. पाच-पाच जणांनी मोबाइलवर लढायचा खेळ, आणि शहरातल्या खेळाडूंचा एक भलामोठा ग्रुप. तिथं तिनं एवढंच लिहिलं, की माइकवरून आयाबहिणींचा उद्धार करणाऱ्याला आठवडाभर खेळू देऊ नये. सहाशे उत्तरं आली. मुद्द्याची दोन. बाकीच्यांनी तिचं काय करायचं ते तपशीलवार कळवलं होतं. एकानं विचारलं, "राहते कुठं ही?" त्याखाली शंभरेक जणांनी उत्सुकता नोंदवली.

हे तिनं आजोबांना दाखवलं, ही तिची चूक. पुढची दत्तोपंतांची. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. नाव-पत्त्याशिवाय पत्र छापत नाहीत, हे हाडात मुरलेलं. त्यांनी तिच्याच फोनवरून ग्रुपवर नातीच्या बाजूनं सौम्य, मुद्देसूद पत्र टाकलं. खाली लिहिलं, "आपला, दत्तोपंत सेलूकर, 'कडुलिंब' हिचे आजोबा, सिडको, पाण्याच्या टाकीमागे. मतभेद असणाऱ्यांनी आज चार ते सहा अवश्य यावे."

"आजोबा, काढा ते! आधी काढा!"

"अगं, शुद्धलेखन दोनदा तपासलंय."

तिचा चेहरा पाहून त्यांनी काढलं. तोवर अनेकांनी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. एवढे वाचक दत्तोपंतांना कधीच लाभले नव्हते.

चारुताचे आईवडील जालन्याला लग्नाला गेलेले. तिनं पोलिसांना फोन केला; ते म्हणाले, गाडी निघतेय. दत्तोपंतांनी ग्रिलला कुलूप लावलं, मग ते लागलंय का हे पाच वेळा पाहिलं.

चारला दोघं जण मोटरसायकलवरून आले. फाटकाचं, चारुताच्या स्कूटीच्या नंबरचं शांतपणे चित्रण केलं आणि कोपऱ्यावर जाऊन थांबले. पडद्यामागं चारुतानं आजोबांचा हात धरला.

बेल वाजली. ग्रिलबाहेर हेल्मेट घातलेला एकटा तरुण.

"कडुलिंब इथंच ना, काका?"

"आपण कोण?"

"सत्यम. दौलताबादचा. मी विरोधात लिव्हलं व्हतं. बिनशिवीचं."

"हेल्मेट काढा."

"नाय काढत. ते कोपऱ्यावरचे वळखतेत मला." त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली. "ताईला सांगा, बंदीनं भागत नाय. मलाच घातली व्हती एकदा. आठ दिवसांनी दुप्पट पिसाळून आलो मी."

"मग काय करायचं?" चारुता केव्हा बाहेर आली ते कळलंच नाही.

"सांगतो ना. आत घेता का?"

दत्तोपंतांनी किल्ली कुलपाशी नेली.

"नको, आजोबा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "माफ करा. तिथूनच बोला. मी ऐकते."

कोपऱ्यावर आता तीन मोटरसायकली झाल्या होत्या. एकीचं इंजिन सुरू झालं. सत्यमनं मागं वळून पाहिलं, ग्रिलचे गज घट्ट धरले, आणि घाईघाईनं पहिला मुद्दा मांडायला सुरुवात केली.