लोटूबाबांचे बांधलेले हात

“आईला इथं आणायचं नाही, बस! ती रडून गोंधळ घालेल आणि बाबा धीर सोडतील.”

आयसीयूच्या दारात योगराज आपल्या बायकोवर, उज्ज्वलावर, खेकसत होता. आत त्याचे वडील लोटूबाबा होते. उभी हयात सुरतेत, उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात काढली आणि आता फुप्फुसांनी दगा दिला. तोंडावर घट्ट मास्क. तो ओढतात म्हणून दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले! आणि घरी आईला, प्रमिलाबाईंना, सांगितलं होतं, “थोडा कफ झालाय, येतील लवकर.” वा रे शहाणपणा! जिनं जन्मभर संसार केला तिलाच अंधारात ठेवायचं, आणि वर त्याला माया म्हणायचं!

तेवढ्यात डॉ. शर्वरी आल्या. “मी पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर. बाबांचा त्रास कमी करायला आलेय.”

योगराजचा पारा चढला. चलथाणच्या भाईदासमामांनी फोनवर बजावलंच होतं, “ती डॉक्टर आली म्हणजे सगळं संपलं समज. जवळ फिरकू देऊ नको. समाजात तोंड दाखवता येणार नाही!”

“म्हणजे तुम्ही हात टेकले? मला इलाज हवाय, इलाज!”

“इलाज चालूच राहील,” शर्वरी शांतपणे म्हणाल्या. “खरं सांगते, आशा थोडी आहे. पण श्वास पुरत नाही तेव्हा माणूस फार घाबरतो. त्या घुसमटीवरही औषध असतं. ते का द्यायचं नाही?”

“अफू देऊन झोपवणार ना?”

“अगदी थोडं मॉर्फिन, लक्ष ठेवून. योगराजभाई, तुमची दाढ दुखली तर तुम्ही लगेच गोळी मागता. बाबांनी मात्र निमूट सोसायचं, हा कुठला न्याय? आणि त्यांना काय हवंय, हे कुणी विचारलं का?”

इतक्यात आत अलार्म किंचाळला. लोटूबाबा बांधलेल्या हातांनी धडपडत होते, छाती धपापत होती, डोळ्यांत नुसती भीती!

“अहो, बघवत नाही हो!” उज्ज्वला रडू लागली. “देऊ द्या ना औषध!”

“द्या,” तो कसाबसा म्हणाला.

औषध दिलं. हळूहळू धाप कमी झाली. शर्वरींनी पट्ट्या सोडल्या, तसा बाबांचा हात तोंडाकडे गेला.

“फिर मास्क खींचेंगे!” नर्स धावली.

“थांबा जरा,” शर्वरी म्हणाल्या.

हात मास्कला लागलाच नाही. पाचही बोटं जुळली, तोंडापाशी गेली, मग दाराकडे वळली. पुन्हा तेच.

योगराजनं ती खूण ओळखली. लूमच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून खात्यात सगळं बोलणं हातांनीच चाले. लहानपणी तो आईबरोबर डबा द्यायला जाई, तेव्हा बाबा लूमजवळून आईला हीच खूण करायचे. तू जेवलीस का?

“अरे देवा! ते मास्क ओढत नव्हते. आईला शोधत होते! आणि आपण त्यांचे हात बांधले!”

तो धावत सुटला, घरी जाऊन आईला घेऊन आला. प्रमिलाबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. “माले काबर नही सांगं रे?” एवढंच म्हणाल्या आणि पलंगाशी गेल्या. बाबांची बोटं पुन्हा तोंडाशी गेली. प्रमिलाबाईंनीही हातानंच सांगितलं, जेवले.

बाबांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं!

“नही जेवनू,” मग त्या म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांचा बांध फुटला. “तुमनाबिगर घास उतरस नही.” बाबांनी त्यांचा हात धरला, तो सोडलाच नाही. शर्वरींनी तिथंच खुर्ची मांडायला लावली.

दोन दिवसांनी दुपारी, बायकोच्या हातात हात असताना, लोटूबाबा शांतपणे गेले. घरी भाईदासमामा म्हणाले, “अजून झुंजवायला हवं होतं.”

“मामा, इलाज शेवटपर्यंत केला,” योगराज म्हणाला. “फक्त छळ थांबवला. तो पहिल्याच दिवशी थांबवायला हवा होता.”

बंधुभगिनींनो, आयसीयूत यंत्रं हवीतच. पण त्यांच्या जोडीला वेदना हलकी करणारा डॉक्टर पहिल्या दिवसापासून हवा. त्याला घाबरू नका, स्वतःहून मागा. आणि घरच्या माणसाला आत येऊ द्या. ‘तू जेवलीस का?’ एवढंच विचारण्यासाठी कुणीतरी केव्हाचं ताटकळत असेल.