कोठीचा दरवाजा आणि चार लाथा

चार लाथा.

एक फुटलेला कप.

झिजलेल्या टाचेची रबरी चप्पल.

दीडशे किलोमीटरवरची, उंच भिंतींची, कायम कुलपात असलेली संस्था.

सहा वर्षांची एक मुलगी. झोपताना ती बहिणीच्या वेणीचं टोक मुठीत धरते.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध मी आहे. मी एक जुना दरवाजा आहे. मुलींच्या निवासगृहात स्वयंपाकघरामागे जी कोठी आहे, तिचा.

ज्या मुलींना घर नाही, किंवा घरी राहणं ज्यांच्या जिवावर बेतेल, त्या इथे राहतात. सुताराने मला बसवलं तेव्हा मी एका बोटाने उघडायचो. सगळे म्हणायचे, "काय देखणा दरवाजा आहे!" मग वर्षं गेली, ओल मुरली, मी फुगलो. आपल्याच वजनाने बंद व्हायचो आणि चौकटीत घट्ट बसायचो. स्वयंपाकीण मावशींनी त्यावर उपाय शोधला. खाली उजव्या कोपऱ्यात टाचेची एक लाथ. तो उपाय इतका नामी होता की सुताराला बोलवायचं कुणालाच सुचलं नाही. अकरा वर्षं मी लाथा खाल्ल्या आणि मावशींच्या रबरी चपलेची टाच झिजली. कधी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

मग नव्या अधीक्षिकाबाई आल्या. शिस्तीच्या, सरळ आणि घाबरलेल्या. मुलीच्या हातून काही मोडलं तर पोलिसांना कळवायचं, असा नियम त्यांच्या हाती दिलेला होता. मित्रांनो, तुमच्या हातून कप फुटला तर आई ओरडते, "हात आहेत की फावडी?" आणि केरसुणी पुढे करते. संपलं. इथे दोन बहिणी राहतात; त्यांतल्या थोरलीच्या हातून कप फुटला, तर फोन झाला. एकदा तिने रागाने ओला टॉवेल भिंतीवर फेकला, तेव्हाही झाला. सोळा वर्षांची पोर आणि नावावर दोन तक्रारी! तिसरी झाली की ती कुलपाच्या संस्थेत जाणार आणि धाकटी इथे एकटी राहणार, हे दोघींनाही पाठ होतं.

त्या सकाळी मावशी रजेवर होत्या. धाकटी साबण आणायला कोठीत आली आणि मी मागून बंद झालो. चूक माझी. आत खिडकी नाही. ती रडू लागली. थोरली धावत आली. एका लाथेने मी हललो नाही. दुसरीने नाही. तिसरीने नाही. चौथीने माझी खालची फळी चिरली आणि मी उघडलो. नेमकी तीच लाथ अधीक्षिकाबाईंनी पाहिली.

तक्रारीत लिहिलं गेलं, "हिंसक वर्तन. मालमत्तेचं नुकसान." मालमत्ता म्हणजे मी. ज्याचं नुकसान झालं, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मावशी परतल्यावर म्हणाल्या, "अहो बाई, लाथ तर मीही मारते. रोज!"

"तुम्ही मुलींना नेहमीच पाठीशी घालता," अधीक्षिकाबाई म्हणाल्या.

तक्रार बाल न्यायालयात गेली. तिथल्या सुनावणीत काय झालं ते मला मावशींकडून कळलं. कांदे निवडताना त्या स्वतःशीच मोठ्याने बोलतात. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "लाथ का मारलीस?" थोरली म्हणाली, "तो तसाच उघडतो, मॅडम." मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "मला दाखव," म्हणाल्या.

आणि त्या खरंच आल्या!

"लहान बहीण इथे होती ना?" असं म्हणत त्या आत शिरल्या. "लावा दार. बघू दे मला, किती अंधार होतो."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी इतक्या मन लावून कधी बंद झालो नव्हतो.

"झालं, उघडा आता," आतून आवाज आला.

अधीक्षिकाबाईंनी ढकललं. खांदा लावला. घामाघूम झाल्या. "एक मिनिट हं, मॅडम!"

"अहो, इथे माझ्या पायावरून काहीतरी गेलं!"

अधीक्षिकाबाईंची पाचावर धारण बसली. तेव्हा थोरली हळूच म्हणाली, "बाई, खाली. उजवा कोपरा. टाचेने."

"मी? लाथ?"

"मारा हो!" आतून न्यायाधीशबाईच ओरडल्या.

पहिली लाथ भिडस्त होती. दुसरी बरी होती. तिसरी अशी बसली की मी धाडकन उघडलो! न्यायाधीशबाई बाहेर आल्या. बाहीला पीठ लागलेलं, केसात जळमट. त्यांनी माझी चिरलेली फळी पाहिली, मग अधीक्षिकाबाईंच्या पायाकडे पाहिलं.

"मग," त्या म्हणाल्या, "पोलिसांना फोन तुम्ही करताय की मी करू?"

आधी मावशींना हसू फुटलं. मग मुलींना. शेवटी अधीक्षिकाबाई भिंतीला टेकून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "चुकलं माझं," त्या थोरलीला म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या.

तिसरी तक्रार तिथेच रद्द झाली. मागच्या दोन्हीही गेल्या. न्यायाधीशबाईंनी लेखी आदेश दिला की फोनला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही आपली लेक असती तर फोन केला असता का?

"म्हणजे ताई कुठेच जाणार नाही?" धाकटीने विचारलं.

"कुठेच नाही गं," थोरली म्हणाली, आणि तिला खांद्यावर घेऊन तिने अख्ख्या अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. सगळ्या मुली मागे धावत होत्या. मावशी थाळी बडवत होत्या. एवढा गलका या भिंतींनी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने माझी कड रंध्याने तासली, बिजागरीला तेल दिलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

मित्रांनो, कुणी लाथ मारताना दिसलं तर जरूर थांबवा. पण आधी दरवाजाकडे एकदा बघा. तो किती वर्षांपासून अडकतोय, हे विचारा. आणि आत कोण आहे, तेही.

त्या सकाळी पहिली लाथ मारण्याआधी थोरलीने माझ्यावर दोनदा टकटक केली होती आणि आत सांगितलं होतं, "मागे सरक, तुला लागेल."