ताईच्या बाजूची तीस मिनिटे

मी एक जुनी कॅसेट आहे आणि माझ्या पोटात बरोबर साठ मिनिटे मावतात. तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या बाजूला. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल. तळहाताएवढी डबी, तिला दोन भोके आणि आत तपकिरी रंगाची लांबलचक फीत, एवढाच माझा थाट. मला स्वतःचा आवाज नाही. माझ्यावर जे भराल ते मी सांभाळते आणि त्यावर दुसरे काही भरले की पहिले विसरते. याला माझा दोष म्हणा किंवा स्वभाव म्हणा. पण त्यापायी एका घराचे काय हरवले, ते मला आज सांगायचे आहे.

कारखान्यातून मी दुकानात आले तेव्हा अगदी कोरी होते. गाण्यांनी भरलेल्या कॅसेटी पुढच्या रांगेत चित्रे मिरवत बसायच्या आणि मी मागे धूळ खात पडायची. एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली. घाईत निघाली असावी, कारण मोजपट्टी तिच्या गळ्यातच राहिली होती. दुकानदार तिला भरलेल्या कॅसेटी दाखवू लागला तर ती म्हणाली, "मला कोरीच द्या हो. गाणी माझी मी भरीन." मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

तिला सगळे ताई म्हणत. तिच्या खोलीत खिडकीपाशी शिलाईचे मशीन होते आणि वरच्या फळीवर रेडिओ. त्या रेडिओतच रेकॉर्डर होता. ताईचा धाकटा भाऊ दूरच्या गावी छापखान्यात कामाला लागला होता. तो सहा फूट उंच झाला तरी ताई त्याला टिल्लूच म्हणायची. घरी फोन नव्हता आणि पत्र लिहायचा दोघांनाही जिवावरचा कंटाळा. गाण्यांचे वेड मात्र दोघांना सारखेच होते. म्हणून त्यांनी एक रीत पाडली. माझी पहिली बाजू ताईची, दुसरी टिल्लूची. रेडिओवरची आवडती गाणी भरायची, मधे मधे त्या गाण्यांबद्दल बोलायचे आणि मला टपालाने पाठवून द्यायचे. सात वर्षे मी अशी ये-जा करत होते.

फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागला की ताई हातातला फ्रॉक बाजूला टाकायची आणि बटणावर बोट ठेवून बसायची. एक गायिका तिची फार लाडकी होती. ती प्रत्येक ओळीआधी ऐकू येईल असा श्वास घ्यायची. टिल्लूने तिचे नाव 'दमेकरीण' ठेवले होते. ताईला त्याचा राग यायचा. "अरे टिल्लू, तो श्वासच तर ऐकायचा असतो," ती मला तोंडाजवळ धरल्यासारखी रेकॉर्डरवर वाकून सांगायची. "बाकीच्या गातात छान, पण जशा काही भिंतीपलीकडून. ही श्वास घेते ना, म्हणून वाटतं की आपल्या शेजारी बसूनच गातेय."

टिल्लूचे दैवत निराळे. चार पोरांचा एक बँड होता आणि त्यातल्या ड्रमवाल्यावर याचा जीव. "गाणं संपलं की लगेच बंद करू नकोस, ताई. तो शेवटी एक ठोका जास्तीचा मारतो. त्याला थांबवतच नाही बघ." ताई उत्तर धाडायची, "जिन्यावरून डबे गडगडत आल्यासारखं वाटतं मला." आणि मग आवाज खाली आणून, "पण खोटं कशाला बोलू? काल तुझ्या डबेवाल्यांच्या तालावर सात फ्रॉकांच्या कडा दुमडून झाल्या."

एकदा टिल्लूच्या रेकॉर्डरने माझी फीत चावली. ताईने तिच्या कात्रीने चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन टोके चिकटपट्टीने अशी जुळवली की जोड शोधून सापडू नये. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पण साठ मिनिटे ती किती पुरणार? नवे गाणे भरायचे तर जुने काहीतरी पुसावे लागे. त्याचा नियम ताईनेच केला होता. "गाणं पुसायचं नाही हं टिल्लू. गाणं परत कधी लागेल, नेम नाही. बोलणं पुसलं तरी चालेल. बोलायला काय, आपण कधीही बोलू." टिल्लूलाही ते पटले. मग दर खेपेला थोडे बोलणे गेले आणि त्या जागी गाणे आले. मला बोलता आले असते तर मी नको म्हटले असते का? खरे सांगते, नसते म्हटले. मलाही गाणीच मोठी वाटत होती.

पुढे दोन्ही घरी फोन आले. मी तेव्हा टिल्लूकडे होते, ती तिथेच राहिले. टेबलाच्या खणात, गंजलेल्या किल्ल्या आणि वाळलेली पेने यांच्या सोबतीला. तो खण उघडायचा, काहीतरी शोधायचा आणि बंद करायचा. किती वर्षे गेली याचा हिशेब मी ठेवला नाही.

एक दिवस खण उघडला आणि त्याचा हात माझ्यावरच येऊन थांबला. हातावर सुरकुत्या होत्या. त्याने मला बाहेर काढले, फुंकर मारली, सैल पडलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळली आणि गाडी पकडून मला ताईकडे आणले. काखेत एक जुना रेकॉर्डर होता. तो दुरुस्त करून घ्यायला त्याने चार दुकाने पालथी घातली होती.

ताईच्या घशाचे ऑपरेशन झाले होते. जीव वाचला, पण आवाज गेला, तो कायमचा. आता ती काळ्या पुठ्ठ्यावर, कापडावर खुणा करायच्या खडूने लिहून बोलायची. तिची नात चार वर्षांची. ती आईला विचारत राहायची, "आजी आधी बोलायची? कशी बोलायची?" फोनमध्ये आजीचे व्हिडिओ होते, पण ते सगळे घसा बसल्यानंतरचे. त्यात नुसती खरखर होती. ताईच्या लेकीला आईचा खरा आवाज आठवायचा, पण तो मुलीला ऐकवणार कसा? तेव्हा तिला मी आठवले आणि तिने मामाला फोन केला.

भर दुपारी सगळे मशीनभोवती बसले. टिल्लूने ताईची बाजू लागेल असे मला रेकॉर्डरमध्ये घातले आणि बटण दाबले. गाणे लागले. ते संपले आणि दुसरे लागले. मग तिसरे. प्रत्येक गाणे संपताना सगळे पुढे वाकायचे आणि पुढचे सुरू झाले की मागे टेकायचे. लेक अगदी हळू म्हणाली, "मामा, ही सगळी गाणी माझ्या फोनमध्ये आहेत."

टिल्लूचा चेहरा उतरला. "एवढं बोलायचीस गं तू. कुठं गेलं सगळं?"

ताईने पुठ्ठ्यावर लिहिले, 'मीच पुसलं.'

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या पोटातल्या गाण्यांची लाज वाटली. ती गाणी वाईट नव्हती, पण ती जगात सगळीकडे होती. ताईचा आवाज मात्र फक्त माझ्याजवळ होता आणि तो मी जाऊ दिला होता.

पाचवे गाणे संपले. इथे कधीतरी ताईचे बोट बटणावर जरा उशिरा पडले असेल, कारण दोन गाण्यांमधले चार सेकंद पुसायचे राहून गेले होते. खोलीत एक तरुण, खणखणीत आवाज आला, "ऐक हं टिल्लू, आता ती श्वास घेते बघ. अश्शी..." आणि तो श्वास कसा, हे दाखवायला ताईने स्वतःच छाती भरून श्वास घेतला. लगेच सहावे गाणे सुरू झाले.

टिल्लूने घाईघाईने मला थांबवले. त्याचे डोळे भरून आले होते. नातीने विचारले, "ही कोण?"

"ही आजी," तिची आई म्हणाली.

नात उठून ताईसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "परत लाव."

ते चार सेकंद किती वेळा लावले, मीही मोजले नाही. ताई गळ्यावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिने मला बाहेर काढले. माझ्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन बारीक दात असतात, एकेका बाजूचा एकेक. दात मोडला की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. ताईने कात्रीच्या टोकाने तिच्या बाजूचा दात मोडला. मला मुळीच दुखले नाही.

टिल्लूच्या बाजूचा दात मात्र तिने तसाच ठेवला. मला उलटून पुन्हा आत घातले, भरायचे बटण दाबले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'बोल.'

"अगं, या बाजूवर माझा ड्रमवाला आहे. पुसला जाईल ना तो!"

ताईने मान हलवली आणि पुठ्ठा त्याच्या आणखी जवळ धरला.

मित्रांनो, आवडती गाणी जरूर जपा. ती फार सोबत करतात. पण ते गाणे का आवडते हे जे माणूस तुम्हाला भरभरून सांगते, त्याचे बोलणे आधी जपा. मी हे फार उशिरा शिकले आणि माझ्याजवळ चारच सेकंद उरले.

 टिल्लू रेकॉर्डरवर वाकला आणि पहिला शब्द बोलण्याआधी त्याने मोठा श्वास घेतला. तोही मी भरून घेतला.